गाडीच्या एसीच्या गॅसआधी कंडेन्सर बघा
थंडी सरताच गाडीचा एसी गार करेना, की लगेच गॅस भरून घ्यायचा सल्ला मिळतो. थोडं थांबा. फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे तूर-हरभऱ्याची काढणी आणि ऊसतोड चालू असते. तो भुसा, पाचटाचा कचरा अन् कापसाचे तंतू रेडिएटरपुढच्या कंडेन्सरच्या (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) जाळीत अडकतात. हवा जात नाही, मग गाडी उभी असताना एसी कोमट आणि पळताना बरा, असं होतं. इंजिन थंड असताना मऊ ब्रशनं कचरा काढा, नंतर साध्या पाइपनं हलकं पाणी मारा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर जवळून मारलं की जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात आणि त्रास वाढतो. ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काळा पडला असेल तर सरळ बदला. एवढं करूनही गार होत नसेल तर गळती तपासा. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस टिकत नाही.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झालं म्हणून बोअरचं पाणी ओतू नका, आपल्याकडच्या जड पाण्यानं आत क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. तयार मिसळलेलं मिळालं तर त्यात पाणी नको. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नये.

काचेवरच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, सावलीत, लगेच धुऊन. टायरची हवा सकाळी टायर थंड असतानाच मोजा. दुपारी वाढलेली दिसली म्हणून सोडू नका.