मदत हवी आहे: पावसाळ्यात भांडी तळाशी तडकतात, आणि हात वाडग्याशिवाय दुसरं काही करत नाही

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक भट्टीचा आणि एक डोक्याचा.

पुण्यात नोकरीला होते तेव्हा शनिवार-रविवारच्या वर्गात चाकावरचं काम शिकले. मग लग्न, गोवा, मुलगी, आणि माती सुटली ती सुटलीच. मुलगी कॉलेजसाठी बाहेर पडल्यावर गेल्या उन्हाळ्यात पडवीत विजेचं चाक बसवलं. पांढरी स्टोनवेअर माती (जास्त तापमानाला भाजायची) गुजरातहून मागवते. भट्टी माझी नाही. म्हापशाकडच्या एका स्टुडिओत पैसे देऊन भाजून घेते, बिस्क (पहिलं, कोरं भाजणं) १००० अंशांच्या आसपास आणि ग्लेझ (काचेसारखा लेप लावून दुसरं भाजणं) १२२० ला.

सेंटरिंग (गोळा चाकाच्या बरोबर मधोमध आणणं) इतक्या लवकर परत येईल असं वाटलं नव्हतं. मेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पाऊस लागल्यापासून मात्र वाडग्यांच्या तळाला मधोमध नागमोडी चीर पडते. काहींना सुकतानाच, काहींची बिस्कनंतर दिसते. त्यात एक जाड बुडाची बरणी भट्टीत फुटली आणि तिच्या ठिकऱ्या दुसऱ्या कुणाच्या कपांत गेल्या. स्टुडिओवाले म्हणतात ओली होती. फडताळात भरपूर दिवस ठेवली होती हो, हाताला कोरडी ठणठणीत लागत होती!

आता डोक्याचा प्रश्न. माझे सगळे वाडगे आमच्या पुण्याच्या सरांचे वाटतात. तोच काठ, तोच बुडाचा कडा. वेगळं काही करायला बसले तरी हात तिकडेच वळतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हुमणाची (माशांच्या कालवणाची) मातीची भांडी, बुडकुली (छोटी मडकी) बघते आणि वाटतं, इथल्या मातीत इथलं काही करावं. डिचोलीकडची लाल माती माझ्या मातीत मिसळली तर १२२० ला चालेल का? आणि बसलेली सवय मोडायची कशी?

भट्टीराखा

ताई, आधी चीर. तळाच्या मधोमध नागमोडी म्हणजे तळ दाबला गेलेला नाही. भिंत वर ओढताना मातीवर बोटांचा दाब येतो, तळावर येत नाही, म्हणून तिथली माती सैल राहते आणि सुकताना जास्त आकसते. त्यात तळाशी पाणी साचलेलं राहिलं आणि काठ आधी सुकला की चीर नक्की. पोकळी उघडल्यावर मधून कडेला आणि कडेकडून मध्ये, दोनतीनदा बोटांनी किंवा लाकडी रिबनं (दाबायच्या पट्टीनं) तळ नीट दाबा. उतरवण्याआधी स्पंजनं पाणी टिपून घ्या. काठ जरा घट्ट झाला की भांडं लगेच पालथं करा, म्हणजे तळालाही हवा लागेल.

एक तपासणी. चीर रुंद उघडलेली असेल तर ती सुकतानाचीच, बिस्कमध्ये फक्त दिसायला लागली. केसासारखी बारीक आणि धारदार कडांची असेल तर भट्टी फार लवकर गार केली का ते स्टुडिओत विचारा. ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, तिथे घाई केली की भांडं चिरतं.

माशेलकर

आमची गणपतीची चित्रशाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना आहे, भाजण्यातलं मला काही कळत नाही. पण पावसात माती सुकवणं हा आमचा घरचाच धंदा. चवथीच्या मूर्ती आम्ही ऐन पावसात करतो, तेव्हा बोलायचा अधिकार आहे असं समजतो. (तसाही चिखल आमच्या माशेल गावाला नवा नाही, आषाढात देवकीकृष्णाच्या देवळाच्या अंगणात चिखलकाला, चिखलात खेळायचा उत्सव असतो.)

ताई, जुलैत उघड्या फडताळात महिनाभर ठेवलं तरी माती पूर्ण सुकायची नाही. बाहेरची हवाच ओली, ती मातीतलं पाणी कुठे घेणार? सुरुवातीला हळू जायचं, ओलं भांडं जुन्या सुती कपड्यात सैल गुंडाळून. नुसतं प्लास्टिक लावलंत तर आत घाम धरतो. रंग फिकट पडला की मग मात्र ऊब हवी. आम्ही बंद खोलीत बल्ब लावून ठेवतो. एलईडी नको, जुना पिवळा, जो तापतो. तुमच्यासाठी लाकडी कपाटात खाली एक बल्ब आणि वर वाफ जायला फट, एवढं पुरे. बल्बच्या अगदी जवळ काही ठेवू नका, एका बाजूनं आधी सुकेल. आणि हातावर विश्वास ठेवू नका, भांडं गालाला लावा. गार लागलं की आत पाणी आहे.

भट्टीराखा

माशेलकरांना दुजोरा. फुटण्याचं कारणही तेच आहे. आत उरलेल्या पाण्याची १०० अंशांना वाफ होते, जाड बुडातून तिला वाट मिळत नाही आणि ती भांडं फोडून निघते. पावसाळ्यात बिस्कच्या आधी भट्टी ८०-९० अंशांवर काही तास नुसती धरायला सांगा. विजेचे पैसे थोडे जास्त घेतील, देऊन टाका. बूडही भिंतीइतकंच पातळ तासा.

आजोळ डिचोली

बाय, लाल मातीबद्दल मी सांगते. रस्त्याकडेची तांबडी जांभ्याची माती उचलून आणू नकोस, तिला चिवटपणा नसतो. कुंभार शेतातली, सखल जागेतली चिकण माती घेतात. कुणाच्या शेतात विचारल्याशिवाय कुदळ घालू नकोस हे वेगळं सांगायला नको. मळ्यातली घेशील तर आमच्या बाजूची घे, खाडीकाठच्या खाजनातली नको. खाजनात खारं पाणी शिरतं. ते मीठ भाजल्यावर पांढरं फुटून येतं, आणि शिंपल्यांचे कण राहिले तर आणखी घोटाळा. ते भट्टीत चुना होतात, मग घरी आल्यावर हवेतली ओल पिऊन फुगतात आणि चांगल्या भांड्याचा टवका उडतो.

माती आणलीस की आधी उन्हात खडखडीत वाळव. ओलसर ढेकळं पाण्यात लवकर विरघळत नाहीत, वाळलेली मात्र घातल्याबरोबर फुटतात. मग बारीक चाळणीतून गाळायची, निवळू द्यायची, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि कापडात बांधून टांगायची. जितकी मुरेल तितकी चांगली. बुरशी आली, वास आला तरी टाकू नकोस.

आणखी एक. आमच्या आजोळच्या शेजारी कुंभारांची घरं होती. ते मडकं चाकावर पुरं करतच नसत. चाकावर नुसतं गळा, काठ आणि जाड अंग. मग जरा सुकल्यावर आतून दगडी गोळा धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ठोकत गोल बूड काढायचं. तुझ्या त्या तळाच्या चिरेचा प्रश्नच येत नाही, बूड सगळं ठोकूनच झालेलं असतं.

भट्टीराखा

मिसळण्याबद्दल: १२२० ला ही लाल माती धोक्याची. तिच्यातलं लोह ती लवकर वितळवतं. भांडं फुगेल, बसेल, वाईट म्हणजे वितळून स्टुडिओच्या भट्टीतल्या फळीला चिकटेल आणि फळीचे पैसे तुम्ही भराल. अगदी थोडी मिसळायची असेल तर आधी छोट्या पट्ट्या करा. ओल्या पट्टीवर १० सेंटीमीटरची रेघ ओढा, भाजल्यावर मोजा, आकसणं तिथेच कळेल. पट्टी स्टोनवेअरच्या बशीत ठेवूनच भट्टीत द्या. माझं मत विचाराल तर मिसळूच नका. लाल माती एकटी घ्या आणि बिस्कच्या फेरीतच भाजून घ्या, ९५०-१००० ला ती खुशीत असते.

कळवळा

पहिला प्रश्न सगळ्यांनी सोडवला, दुसऱ्याला कुणी हात लावला नाही. मी आर्ट कॉलेजात शिकलो, सध्या दुसराच धंदा करतो, पण माती सोडलेली नाही.

सरांचा वाडगा हातात आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका. शिकलेला हात असाच असतो. त्याला ‘माझी शैली हवी’ असं सांगितलंत तर तो गोंधळतो, काठाला उगाच वळणं देतो आणि भांडं आणखीनच खोटं दिसतं. हाताला वेगळं काम द्या. वाडगा म्हणजे उघडत जाणारा आकार. चाक फिरतं तेव्हा माती आपणहून बाहेरच पळते, वाडग्यात तुम्ही तिला जाऊ देता. आता मिटत जाणारा आकार घ्या. दोन्ही हातांनी मान आवळत आणायची, दर आवळणीला भिंत जाड होते म्हणून पुन्हा पातळ ओढायची, पुन्हा आवळायची. इथे सरांचा वाडगा तुमच्या काही उपयोगाचा नाही.

आकारही गोव्यातलाच आहे. पूर्वी ख्रिस्ती घरांच्या खिडकीत चिंचोळ्या मानेचा पाण्याचा कुजा असायचा, गुर्गुलेत. ओतताना गुडगुड वाजतो तो. पावसाळाभर तोच करा. एकही भाजू नका. प्रत्येक तारेनं उभा चिरून बघा भिंत कुठे जाड राहिली, आणि माती परत मळायला घ्या. तडे, भट्टी, ग्लेझ, सगळ्या कटकटी आपोआप मिटतात.

आजोळ डिचोली

एकही भाजू नका हे मला पटत नाही. घरात एक तरी वस्तू उभी दिसली नाही तर माणूस कंटाळून सोडून देतो. महिन्याला एक ठेव गो बाय.

फोंडेकरीण

सगळ्यांना देव बरें करूं. बल्बचं कपाट नवऱ्यानं रविवारी करून दिलं, छत्र्या त्याच कपाटात ठेवायच्या या अटीवर. तळ दाबायला लागल्यापासून नवीन वाडग्यांना अजून तरी चीर नाही, पण ते बिस्कला गेलेले नाहीत, म्हणून गप्प आहे.

गुर्गुलेत सुरू केलाय. मान आवळताना अंगाला पीळ पडतो आणि सगळं मुरगळून खाली बसतं. भिंत जाड ठेवू की चाक हळू करू? आणि पुढे कधी भाजायचा झाला तर आतून ग्लेझ लावायचं ना?

कळवळा

पीळ पडतो म्हणजे हात कोरडा आहे किंवा घाई होतेय. हात ओले ठेवा, खालून वर या, गळ्यापाशी एकदम पकडू नका. चाक हळू नको, आवळताना त्याचा वेग थोडा वाढवा. भिंत वरच्या भागात जरा जाड राखलीत तर आवळायला माती उरते.

ग्लेझ अजिबात नको, आतूनही नाही आणि बाहेरूनही नाही. भिंतीतून पाणी झिरपून उडतं म्हणून तर आतलं गार राहतं. त्यासाठीच तुमची स्टोनवेअर इथे चालणार नाही, १२२० ला तिची छिद्रं मिटतात. डिचोलीची लाल माती, बिस्कच्या फेरीत. गार होतो का ते मात्र आता बघू नका, या हवेत काही उडायचं नाही. ऑक्टोबरात पाणी भरा.