गॅलरीत भाजी लावायची आहे: सुरुवात श्रावणात करावी की चतुर्थीनंतर?

फोंड्याहून प्रश्न
नमस्कार. आमच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेची गॅलरी दक्षिणाभिमुख असून तिच्यावर छप्पर आहे. तांबडी भाजी (लाल माठ), मिरची आणि जमल्यास भेंडी लावावी, असा विचार आहे. मात्र सध्या गॅलरीत ऊन जवळजवळ येतच नाही. मामांच्या कुळागरातील (पोफळीच्या बागेतील) लाल माती आणून ठेवली आहे. कुंड्यांत केवळ तीच भरली तर चालेल का, आणि आरंभ केव्हा करावा?

म्हापशाहून उत्तर
ऊन न येण्यास केवळ ढग कारणीभूत नाहीत. गोवा सुमारे १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि दक्षिणेच्या गॅलरीला तो मिळत नाही. पुढे तो दक्षिणेकडे कलतो आणि डिसेंबरात त्याच गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. म्हणून चतुर्थी होऊ द्यावी. पालेभाजीला चार तास ऊन पुरते, मिरची-भेंडीला सहा तास तरी हवे. तांबड्या भाजीचे बी फार बारीक असते, ते कोरड्या रेतीत मिसळून विरळ पेरावे. महिन्याभरात भाजी काढता येते.

काणकोणहून उत्तर
वरील मताशी सहमत आहे, परंतु मातीचा प्रश्न राहिला. जांभ्या दगडापासून झालेली आपली माती आम्लधर्मी असते, कारण इथल्या मुसळधार पावसात तिच्यातील चुना वाहून जातो. शिवाय कुंडीत ती एकटीच भरल्यास घट्ट बसते आणि पाणी मुळांशी साचते. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या सोडणांचा भुसा असे मिश्रण करावे. भुशात क्षार असतात, तो आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावा. कुंडीमागे चमचाभर शेतीचा चुना पुरे. अधिक घालण्याचा मोह टाळावा. हे मिश्रण आताच करून झाकून ठेवल्यास चतुर्थीपर्यंत चांगले मुरेल. खोला गावची मिरची आमच्याकडे डोंगरउतारावर पावसाळ्यात होते, हे जाता जाता सांगतो; पाणी निचरून जाणे तिला किती आवडते, हे त्यावरून कळावे.

फोंड्याहून
दोघांचेही आभार. सात शिरांची भेंडी कुंडीत होईल का? आणि कुंडीखाली ताटली ठेवावी का?

म्हापशाहून
ती भेंडी पुरुषभर वाढते आणि मुळात पावसाळी पीक आहे. तिला बारा इंचांहून मोठी कुंडी व भरपूर ऊन लागते. यंदा तिचा नाद सोडून मुळा लावावा, हे बरे. ताटली पावसाळ्यात मुळीच नको, साचलेल्या पाण्यात डास होतात. कुंडी दोन विटांवर ठेवावी, म्हणजे तळाची भोके मोकळी राहतील.