फावडं नव्हे, काठवट
'कॉल अ स्पेड अ स्पेड' (फावड्याला फावडं म्हणणं, म्हणजे स्पष्ट बोलणं) ही इंग्रजी म्हण प्राचीन ग्रीकमध्ये कशी म्हणावी, या प्रश्नावर कुणीतरी स्कापाने (खणायचं अवजार) हा शब्द घालून वाक्य सुचवलं आहे; त्याचं व्याकरण ठीक आहे. पण म्हण मुळात ग्रीकच आहे आणि तिच्यात फावडं नाहीच! ता सूका सूका, तेन स्काफेन स्काफेन लेगेइन: अंजिरांना अंजीर, काठवटीला काठवट म्हणणं. ग्रीक लेखक प्लुटार्कच्या मजकुराचं लॅटिन करताना डच विद्वान इरॅस्मसने स्काफेचं (काठवटीचं) 'लिगो', म्हणजे कुदळ केलं. बहुधा स्काफेइऑन या खणायच्या अवजाराशी गल्लत झाली. १५४२ मध्ये इंग्रज अनुवादक निकोलस युडॉलने तेच इंग्रजीत 'स्पेड' म्हणून नेलं.

ग्रीक म्हण लिहिताना उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द, इथे 'तेन') सांभाळा. दोन्ही नामं द्वितीयेत, पण 'तेन' फक्त पहिल्याला. दुसऱ्यालाही लावलंत तर कर्म कोणतं आणि विधेय कोणतं, हेच कळेनासं होतं. ही चूक फार दिसते. (उच्चारात फ म्हणजे आपला 'फळ'मधला महाप्राण फ, इंग्रजी एफ नव्हे.)

'न्यूकॅसलला कोळसा' (जिथे जे मुबलक आहे तिथेच ते नेणं) या इंग्रजी म्हणीलाही ग्रीक करताना शब्दशः जाऊ नका. 'ग्लाउक एइस अथेनास', अथेन्सला घुबड, ही तयार म्हण आहे. ग्लाउक्सची द्वितीया ग्लाउका. पुढे स्वर आल्याने शेवटचा 'आ' गळतो.