मदत हवी आहे: अंतराळात जीव धोक्यात घालायचा हक्क कुणाचा?

मंडळी, वादविवादाची तयारी करतोय आणि एका मुद्द्यावर घोडं अडलंय. माझी बाजू अशी: सज्ञान माणसाला धोका पत्करून अंतराळात जायचं असेल तर सरकारने मध्ये पडू नये. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्याने साधारण हेच मान्य केलंय. यान सुरक्षित असल्याचं सरकारने प्रमाणित केलेलं नाही, असं प्रवाशाला लेखी कळवायचं, त्याची संमती घ्यायची, की झालं.

पण १९८६ चा चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाचा अपघात आडवा येतो. आदल्या रात्री काही इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत बूस्टरच्या (यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या) सांध्यातल्या रबरी ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, कडक पडतील, उड्डाण नको. हे यानातून जाणाऱ्या सात जणांच्या कानावर गेलंच नाही. ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले. मग त्यांच्या संमतीला अर्थ काय? बरं, सांगितलं असतं तरी कुणी खाली उतरलं असतं? मला नाही वाटत. वर्षानुवर्षं वाट पाहिलेला माणूस जाण्याचीच कारणं शोधतो.

तर, इतकी ओढ असताना दिलेला होकार मोकळ्या मनाचा धरायचा का? गिर्यारोहण सोडून (ते समोरचे लगेच खोडतात) दुसरा दाखला सुचतो का? कायदा किंवा तत्त्वज्ञान शिकलेल्यांनी जरूर लिहा.