शेवट अपुरा नाही

'फ्री झोन' (2005) हा चित्रपट 'कुठेच पोहोचत नाही, दोघी गाडीत भांडत असतानाच संपतो', हा आक्षेप मला पटत नाही. इंदूरला रामबागेत एका मैत्रिणीकडे आम्ही चौघींनी तो पाहिला, तेव्हा शेवटाबद्दल हीच तक्रार निघाली होती. पण तो शेवट सुरुवातीशी जोडून पाहायला हवा, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीला गाडीच्या काचेआडून रेबेका या अमेरिकी तरुणीचा रडणारा चेहरा कित्येक मिनिटे एकाच चौकटीत दिसत राहतो, डोळ्यांतले काजळ गालांवर ओघळते, आणि त्यावर 'खाद गाद्या' हे ज्यू साखळीगीत चालू असते: करडाला मांजर खाते, मांजराला कुत्रा चावतो, कुत्र्याला काठी मारते, काठीला आग जाळते. आजीच्या साखळीगोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही रचना लगेच कळते. पुढे रेबेकाला गाडीतून नेणारी इस्रायली हन्ना आणि पॅलेस्टिनी लैला जॉर्डनमध्ये तीस हजार डॉलरच्या थकलेल्या रकमेवरून ज्या तऱ्हेने हुज्जत घालतात, ती त्याच साखळीची पुढची कडी आहे. (हाना लाझ्लो यांना हन्नाच्या भूमिकेसाठी कान महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि तो सर्वस्वी योग्य होता.)

समेट दाखवला असता तर तो खोटा ठरला असता. सीमेवर रेबेका गाडीतून उतरून धावत सुटते, मागे त्या दोघींचा वाद चालूच राहतो, आणि तरीही दोघींपैकी एकही गाडीतून उतरत नाही.