योतोगी: नुसती शेजसोबत नव्हे
'योतोगी' या जपानी शब्दाचा अर्थ 'शेजेची सोबत' एवढाच सांगितला जातो. तो आहेच, पण अपुरा. 'यो' म्हणजे रात्र, 'तोगी' म्हणजे कंटाळा येऊ नये म्हणून केलेली सोबत. आजाऱ्याच्या उशाशी जागणं, मृताजवळ रात्रभर बसणं, हीसुद्धा योतोगीच. सोळाव्या शतकात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या पदरी 'ओतोगीशू' होते ('ओ' हा आदरार्थी उपसर्ग, पुढे 'तोगी' तोच). काम काय, तर गप्पा मारायच्या, गोष्टी सांगायच्या! (असली नोकरी मलाही चालेल.) परीकथेला 'ओतोगीबानाशी' म्हणतात, तिथलाही 'ओतोगी' हाच.

खरी गंमत अक्षराची. 'तोगी' ज्या चिनी चिन्हाने लिहितात, ते बौद्ध ग्रंथांत संस्कृतातले 'ग', 'घ' असे उच्चार लिहायला वापरत. 'संघाराम'चं (म्हणजे बौद्ध मठाचं) जपानीत 'गारान' झालं, त्यातलं पहिलं चिन्ह तेच; 'योग'चं 'युगा' झालं, त्यातलं शेवटचं.