लिफ्टमध्ये वजन वाढते की नाही? (सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

अ-४०२, सकाळी ७.०५
गुरुजी, आपल्याविषयी पूर्ण आदर राखून लिहीत आहे. लिफ्ट स्थिर वेगाने वर जात असेल तर आतील माणसाचे वजन ‘वाढते’, असे उत्तर कालच्या ‘रोजचे पाच प्रश्न’मध्ये आपण दिले आहे, मुलीच्या पुस्तकात मात्र ‘बदलत नाही’ असे छापले आहे. रविवारी तिची संयुक्त पूर्वपरीक्षा आहे आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे तिने नेमके काय लिहायचे ते आजच कळावे.

ब-५०३, ७.११
लिफ्टचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. अकरा दिवस आम्ही पाच मजले पायी चढत आहोत. दुरुस्तीला आणखी किती प्रकाशवर्षे लागणार आहेत?

ब-२०१ (गुरुजी), ७.२०
दादा, प्रकाशवर्ष हे अंतराचे एकक आहे, कालावधीचे नव्हे. प्रकाश एका वर्षात जे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष. हा प्रश्न परीक्षेत वारंवार येतो आणि मुले आपल्यासारखेच चुकतात.

सचिव, ७.२४
ज्या तीन सदस्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही, त्यांनी लिफ्टविषयी बोलताना थोडा संयम बाळगावा, ही नम्र विनंती.

अ-१०४ (खजिनदार), ७.२६
याच निमित्ताने पुन्हा सांगतो की, किलोवॅट-तास, म्हणजे बिलातले ‘युनिट’, हे ऊर्जेचे एकक आहे, शक्तीचे नव्हे. गेल्या सभेत ‘पंप किती युनिटचा आहे’ असे विचारले गेले. पंप ३ अश्वशक्तीचा, म्हणजे सुमारे २.२ किलोवॅटचा आहे. तो दोन तास चालला की साडेचार युनिट होतात, आणि मोटारीतला अपव्यय धरला तर त्याहून अधिक.

अ-४०२, ७.३१
माझा प्रश्न वजनाविषयी होता.

ब-२०१ (गुरुजी), ७.४८
वहिनी, चूक माझीच आहे. प्रश्न लिहिताना ‘स्थिर वेगाने’ हे शब्द मी टाकले आणि उत्तर मात्र त्वरणाचे, म्हणजे वेग बदलत असतानाचे, दिले. लिफ्ट वर जाण्यासाठी सुटते त्या क्षणी तिला वरच्या दिशेने त्वरण असते, म्हणून फरशी आपल्याला नेहमीपेक्षा अधिक जोराने वर ढकलते आणि वजनकाटा जास्त आकडा दाखवतो. ६० किलोच्या माणसाला दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंद एवढे त्वरण मिळाले, तर काटा ६६ च्या आसपास जाईल. एकदा वेग स्थिर झाला की त्वरण शून्य होते आणि काटा ६० वर परततो. वर पोहोचून लिफ्ट थांबू लागली की तोच काटा ६० च्या खाली येतो, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दोर तुटला तर तो शून्य दाखवील.

ब-५०३, ७.५२
शेवटचे वाक्य सचिवांनी आवर्जून वाचावे.

क-३०२, ८.१५
गुरुजींच्या परवा दिलेल्या उत्तराबाबतही माझी शंका आहे. पाणी १०० अंशांना उकळते, हे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाला खरे आहे. आपले कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच असल्याने इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, आणि पन्हाळ्यावर त्याहून कमी. कुकरमध्ये दाब वाढतो, त्यामुळे उत्कलनांक, म्हणजे उकळण्याचे तापमान, १२० अंशांपर्यंत चढतो. तांबड्या रश्श्याचे मटण उघड्या पातेल्यापेक्षा त्यात लवकर शिजते ते यामुळेच.

ब-२०१ (गुरुजी), ८.२२
आपले म्हणणे खरे आहे, पण परीक्षेत दाबाचा उल्लेख नसेल तर १०० हेच लिहावे. रंकाळ्यावर उभे राहून पेपर तपासला जात नाही.

क-१०१, ८.३०
आमच्या गावी गुऱ्हाळ आहे, म्हणून या वादात भर घालतो. उसाचा रस काहिलीत आटत जातो तसे त्यातील साखरेचे प्रमाण वाढते आणि उकळण्याचे तापमानही चढत जाते. गूळ उतरवायची वेळ येईपर्यंत ते ११० अंशांच्या पुढे गेलेले असते. आमचा गुळव्या तापमापी वापरत नाही. तो पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळतो आणि सांगतो. दाब बदलला की उत्कलनांक बदलतो हे सगळे पाठ करतात, पण विरघळलेल्या पदार्थानेही तो बदलतो, हे विसरतात.

अ-१०४ (खजिनदार), ८.३३
किलोवॅट-तास हे ऊर्जेचे एकक आहे. १ किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल. हे कोणी वाचले का?

अ-२०३, ८.३७
वाचले, काका. गेल्या आठवड्यात तीनदा वाचले होते. त्यापेक्षा गेटवरचा आरसा दुरुस्त करा. त्यात मागची गाडी लांब दिसते, म्हणून काल मी स्कूटर काढली आणि थोडक्यात वाचले.

ब-२०१ (गुरुजी), ८.४४
तो बहिर्वक्र आरसा आहे आणि अगदी ठीक आहे. त्यातील प्रतिमा सुलटी पण लहान असते, म्हणून गाडी आहे त्यापेक्षा दूर वाटते. त्याबदल्यात रस्त्याचा मोठा भाग दिसतो. मागील ठरावात ‘अंतर्वक्र आरसा’ असे लिहिले आहे, ते दुरुस्त व्हावे. दाढीचा आरसा गेटवर लावत नाहीत.

सचिव, ८.५०
ठरावाचा मसुदा गुरुजींनीच तपासला होता, एवढीच नोंद करतो.

क-३०२, ८.५८
आणखी एक. मुलांच्या वहीत ‘२८ फेब्रुवारी, रामन यांचा जन्मदिन’ असे मी पाहिले. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. २८ फेब्रुवारी १९२८ ला ‘रामन परिणाम’ या शोधाची घोषणा झाली, १९३० मध्ये त्यांना नोबेल मिळाले आणि १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो.

ब-२०१ (गुरुजी), ९.०२
ती वही माझी नव्हे.

अ-४०२, ९.१०
गुरुजी, आभारी आहे. मी सकाळी जरा तिखट लिहिले. लेक विचारते आहे की, नुसते ‘लिफ्ट वर जात आहे’ एवढेच दिले तर काय लिहावे?

ब-२०१ (गुरुजी), ९.१९
तर प्रश्नच अपुरा आहे. पर्यायांत ‘माहिती अपुरी’ असेल तर ते निवडावे, नसेल तर प्रश्न सोडून द्यावा. पाव गुण वाचेल.

सचिव, सायंकाळी ६.४०
लिफ्ट सुरू झाली आहे. सदस्यांनी गर्दी करू नये.

अ-४०२, ७.२५
मुलीने स्प्रिंगचा वजनकाटा लिफ्टमध्ये ठेवून पाहिले. सुटताना काटा ५८ वरून ६२ वर गेला, मध्ये पुन्हा ५८ झाला आणि चौथ्या मजल्यावर थांबताना ५५ च्या खाली आला. खात्रीसाठी तिने सहा फेऱ्या मारल्या.

अ-१०४ (खजिनदार), ७.२८
या सहा फेऱ्यांना किती किलोवॅट-तास लागले, तेही तिने काढून कळवावे.